गालबोट

“टोपी घाला. कान दुखायला लागले की मग दिवसभर कण्हत फिराल,” पद्मजा म्हणाली.

कोपनहेगनच्या स्टेशनसमोरच्या एका स्वस्त हॉटेलच्या दारात आम्ही दोघं उभे होतो. सकाळचे साडेआठ वाजले होते, आभाळ भरलेलं, उजेड आत्ता कुठं येत होता, आणि वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं. मी खिशातली माकडटोपी काढली आणि मुकाट्यानं घातली. खरं सांगतो, मला इतका आनंद झाला की त्या दिवशी ती टोपी मी जेवतानासुद्धा काढली नाही.

हसाल तुम्ही. बायकोनं टोपी घाला म्हटलं, त्यात एवढं काय? पण त्याआधीच्या दीड वर्षात पद्मजा माझ्याशी बोलायची ती विजेचं बिल, गॅसचा नंबर आणि आईच्या गोळ्या एवढंच. माझे कान हा विषय त्यात बसत नव्हता. आणि आणखी एक गोष्ट मी सकाळीच टिपली होती. तिनं डोळ्यांत काजळ घातलं होतं. कॉलेजात असल्यापासून घालायची, पण मधल्या दीड वर्षात मी तिला एकदाही काजळ घातलेलं पाहिलं नव्हतं. मी मनात म्हटलं, सन्मती, आज दिवस चांगला आहे. आज बोलून टाक.

दीड वर्षापूर्वी आमची मुलगी गेली. चंदना तिचं नाव. पाच महिन्यांची होती. ताप आला, तो मेंदूत गेला आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, यात कुणाच्याही हातात काही नव्हतं. ती गेली त्याच्या आठव्या दिवशी मी पद्मजाला एक वाक्य बोललो. एकच. ते काय होतं ते सांगतो, पण जरा दमानं घ्या. इतकी वर्षं झाली तरी ते माझ्या तोंडून सरळ निघत नाही. त्या दिवशी मला त्या वाक्याची माफी मागायची होती, एवढं सध्या लक्षात ठेवा.

मी पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर. त्या वर्षी कंपनीनं मला तीन महिन्यांसाठी जर्मनीत, हॅम्बुर्गला धाडलं होतं. पद्मजा जयसिंगपूरला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. घरी ती आणि माझी आई, अशा दोघीच. त्या एका छपराखाली कशा राहत होत्या ते त्यांचं त्यांनाच माहीत. दिवाळीच्या आधी मला पद्मजाच्या ताईचा फोन आला. ताई मोजकं बोलणारी बाई. तिनं सांगितलं की पद्मजानं रत्नागिरीच्या एका कॉलेजात अर्ज केला होता, तिची निवड झालीय, आणि सुट्टी संपायच्या आत तिला होकार कळवायचाय. ती काही नोकरीसाठी चाललेली नाही, एवढं तुम्हाला कळतं ना, असं ताईनं मला विचारलं. मी हूं म्हटलं. मग तिनंच मार्ग काढला. घरात दिवाळी करायची नाहीच, तर मी तिला तुमच्याकडं पाठवते, चार दिवस कुठंतरी दोघंच जा आणि जे काय बोलायचंय ते बोला.

“एकदा गेली की ती परत यायची नाही, सन्मती,” ताई म्हणाली. “मी तिला ओळखते.”

पद्मजा आली. हॅम्बुर्गच्या माझ्या खोलीत आम्ही पाच दिवस काढले आणि त्या पाच दिवसांत बोललो ते कपडे धुवायच्या मशिनबद्दल. आमच्यात पद्धत अशी होती की आईसमोर ती मला अहो म्हणायची आणि खोलीत आलं की तू. ते वाक्य बोलल्यापासून खोलीतही अहो झालं होतं. हॅम्बुर्गलाही अहोच राहिलं. मग मी कोपनहेगनची तिकिटं काढली. तेव्हा ती रेल्वे वाटेत चक्क जहाजात शिरायची. डबे बोटीच्या पोटात, आणि माणसांनी वर जाऊन समुद्र बघायचा. पद्मजा कठड्याला धरून उभी राहिली. मी तिच्याशेजारी उभा राहिलो तर ती बाजूला सरकली नाही. एवढ्यावर मी दुसऱ्या दिवसाचे मनोरे बांधायला घेतले.

मनोरे म्हणजे खरोखरचा मनोरा. मी पंपाचा माणूस, आराखड्याशिवाय मला काही जमत नाही. पहिल्या दिवसाचा मी कागदावर तक्ता केला होता. नऊला मोठ्या बाजाररस्त्यानं चालायचं, दहाला रंगीत घरांचा धक्का, मग किनाऱ्यानं किल्ल्यापर्यंत, मग पाण्यावरच्या बसनं पलीकडं. आणि दुपारी तीनला माफी. पलीकडच्या भागात एक चर्च आहे. त्याच्या मनोऱ्याला चारशे पायऱ्या, शेवटचा गोल जिना तर बाहेरच्या बाजूनं. वर गेलं की सगळं शहर दिसतं. तिथं उभं राहून बोलायचं असं मी ठरवलं होतं. चारशे पायऱ्या चढून आलेल्या माणसाला भांडायचं त्राण राहत नाही, असा माझा अंदाज. कागदावर मी माफी असं लिहिलं नव्हतं, नुसतं तीन वाजता मनोरा असं लिहिलं होतं.

सकाळ खरंच छान गेली. आम्ही कॉफी घ्यायला एका दुकानात शिरलो. गल्ल्यावरच्या मुलीनं माझ्याकडून पैसे घेतले आणि हसून म्हणाली, “ताक.” मी गंभीर चेहऱ्यानं तिला इंग्रजीत सांगितलं की नको, कॉफीच हवीय. ती पुन्हा म्हणाली, ताक. मी पुन्हा म्हटलं, नको. मागून पद्मजाचा आवाज आला, अहो, ती आभार मानतेय. आणि मग ती हसायला लागली. तोंडावर रुमाल धरून, खांदे हलवत, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. या थंडीत ताक कोण पिणार, जयसिंगपूरचा माणूस कुठंही गेला तरी त्याला ताकच ऐकू येणार, असं काहीतरी बोलत राहिली. मी तिला आणखी हसवायला म्हणून जिरं-मीठ आहे का विचारू का म्हटलं. दीड वर्षानं माझ्या बायकोचे दात मला दिसले.

रंगीत घरांच्या धक्क्यावर तिनं फोटो काढू दिले. किल्ल्याच्या तटावरून चालताना तिनं आपण होऊन सांगितलं की तिच्या एका विद्यार्थिनीला मुंबईत प्रवेश मिळाला. खडकावर बसलेल्या मुलीचा तो पोस्टरवरचा पुतळा बघून ती म्हणाली, एवढीशीच आहे की ही, आणि किती वेळ त्या पुतळ्याकडं बघत राहिली. मी घड्याळ बघितलं, पण तिला चल म्हटलं नाही. बारा वाजता बाकावर बसून आम्ही पिशवीतल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. शेवटची दशमी तिनं मोडून मोठा तुकडा मला दिला. मी मनात वाक्यं जुळवत होतो. पद्मजा, मी त्या दिवशी जे बोललो ते चुकीचं होतं. नको, चुकीचं फार मिळमिळीत वाटतं. ते खोटं होतं. हां, हे बरं होतं. ते खोटं होतं आणि मला माहीत होतं की ते खोटं आहे.

पाण्यावरची पिवळी बस आम्हाला पलीकडं घेऊन गेली. तिथं एक कालवा आहे, दोन्ही बाजूंना घरं, पाण्यात होड्या बांधलेल्या. अडीच वाजले होते. मनोरा समोर दिसत होता, त्याच्या जिन्यावर मुंग्यांएवढी माणसं चढत होती. पद्मजा म्हणाली, पाय भरून आलेत, जरा बसू या. माझ्या तक्त्यात ते नव्हतं, पण अर्धा तास हाताशी होता. कालव्याकाठी एका छोट्या कॅफेच्या बाहेर टेबलं मांडली होती, खुर्च्यांवर लोकरीच्या घोंगड्या ठेवल्या होत्या. आम्ही एकेक अंगावर घेऊन बसलो.

कॅफेच्या भिंतीला लागून तीन बाबागाड्या उभ्या होत्या. मोठ्या चाकांच्या, काळ्या, टप असलेल्या. पद्मजानं आधी लक्ष दिलं नाही. मग एका गाडीत काहीतरी हललं आणि ती ताडकन सरळ बसली.

“आत मूल आहे,” ती म्हणाली.

मी म्हटलं, हो, तिन्हींत असतील. हॅम्बुर्गच्या माझ्या एका सहकाऱ्यानं मला सांगितलं होतं, ते मी तिला सांगितलं. या लोकांत मुलांना बाहेरच झोपवतात. थंडी असो, वारा असो, मोकळ्या हवेत मूल चांगलं झोपतं असं त्यांचं म्हणणं. आया आत बसून कॉफी घेतात आणि काचेतून लक्ष ठेवतात. कुणी चोरत नाही, कुणी हात लावत नाही. पद्मजा ऐकत होती, पण माझ्याकडं बघत नव्हती. इतक्या थंडीत, असं ती एकदा पुटपुटली. मग म्हणाली, मी नुसतं बघून येते.

“बघ, पण हात लावू नकोस,” मी म्हटलं.

ती गेली. मधल्या गाडीपाशी उभी राहिली, हात पाठीमागं बांधून. लहान मुलांना दुकानात कशालाही हात लावायचा नाही असं बजावल्यावर ती जशी उभी राहतात, तशी. मला गाडीतलं बाळ दिसत होतं. गुबगुबीत, लालबुंद गालांचं, लोकरीच्या टोपीतलं. चार-पाच महिन्यांचं असेल. जागं होतं. पद्मजाकडं बघून ते बोळकं उघडून हसलं. मला वाटलं, आता ही रडणार. मी उठायला लागलो.

ती रडली नाही. तिनं उजवा हात पुढं घेतला, करंगळी स्वतःच्या डोळ्याच्या कडेला टेकवली, खालच्या पापणीवरचं काजळ टिपलं आणि वाकून त्या बाळाच्या डाव्या गालावर एक टिकली लावली. मग मनगट वर करून घड्याळात बघितलं.

आता मला ते वाक्य सांगायलाच पाहिजे.

चंदनाच्या बारशाला घर माणसांनी भरलं होतं. पोरगी दिसायला देखणी होती, आईबापांवर गेली नव्हती म्हणा ना. जो येईल तो तिचं कौतुक करत होता. आईचा जीव वर-खाली व्हायला लागला. ती आतून काजळाची डबी घेऊन आली, घरी पाडलेल्या काजळाची, आणि म्हणाली, पोरीला तीट लाव, एवढ्या नजरा पडतायत. पद्मजानं चारचौघांत नाही म्हणून सांगितलं. या काजळात काय काय असतं ते मला माहीत आहे, शिसं असू शकतं, माझ्या मुलीच्या अंगाला मी हे लावणार नाही. आवाज चढवला नव्हता, वर्गात सांगावं तसं सांगितलं. आईनं डबी मुठीत धरली आणि आत गेली. मी मूग गिळून बसलो. मला पद्मजाचं पटत होतं आणि आईचं वाईट वाटत होतं, आणि दोघींपैकी एकीलाही मी काही बोललो नाही. पुढं पाच महिने आई रोज संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळायची, पण पद्मजानं गालाला काजळ लागू दिलं नाही.

चंदना गेली त्याच्या आठव्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. पद्मजा ओट्याशी पाठमोरी. आतल्या खोलीत आई होती. मी म्हणालो, “दोन सेकंद काढून एक बोट काजळ लावलं असतंस, तर आज पोरगी असती.”

मी दृष्टबिष्ट मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो. पण मला कुणाला तरी धरायचं होतं. तापाला धरता येत नाही, डॉक्टरांना धरून झालं होतं, आणि समोर ती होती. पद्मजा वळली नाही. तिनं गॅस बंद केला आणि हात धुतले. आईनं आतून ऐकलं होतं, तिच्या रडण्याचा आवाज आला. त्या रडण्याचा पद्मजानं काय अर्थ घ्यायचा तो घेतला असेल. तो दिवस गेला, महिना गेला, आणि मग माफी मागायची वेळ निघून गेली असं मला वाटत राहिलं. मागितली असती तर तो विषय पुन्हा काढावा लागला असता. मी भित्रा माणूस आहे.

तर ती घड्याळात बघत होती, आणि मला एकदम कळलं ती काय बघतेय. किती सेकंद लागले ते.

कॅफेचं दार धाडकन उघडलं. एक तरुण बाई बाहेर आली, केस बारीक कापलेले, अंगात कोटही नाही. तिनं आधी बाळाला उचललं, छातीशी धरलं, मग त्याचा गाल बघितला. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तुम्ही त्याला काय लावलं, असं तिनं इंग्रजीत विचारलं. ओरडली मात्र नाही. तिच्यामागं आणखी दोघी आल्या, त्यातल्या एकीच्या हातात फोन होता. माझी पाचावर धारण बसली. परका देश, परक्याचं मूल, आणि माझ्या बायकोच्या करंगळीला काळं. मी उठलो ते कॉफी सांडूनच.

मी मध्ये जाऊन उभा राहिलो आणि माफ करा, माफ करा, असं चारदा म्हणालो. बघा, तिला माफ करा म्हणायला मला काही जड गेलं नाही. पद्मजा शांत होती. तिनं स्वतःच त्या बाईला सांगितलं की हे विकतचं आहे, मोठ्या कंपनीचं, यात शिसं नाही आणि साबणाच्या पाण्यानं जाईल. मग पुढचं सगळं तिनं माझ्यावर सोडलं.

गालबोट या शब्दाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला अजून माहीत नाही. मी मोडकं-तोडकं सांगत गेलो. आमच्या देशात मूल फार सुंदर असलं तर कुणाची तरी नजर त्याच्यावर पडते. वाईट मनानं नाही, पण पडते. म्हणून आपणच त्याच्या गालावर एक छोटा डाग लावायचा. म्हणजे ते अगदी निर्दोष राहत नाही, आणि नजर तिथंच अडते. हा आशीर्वाद आहे, असंही म्हणालो. ती बाई ऐकत होती. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर रंग आला. तिनं मैत्रिणींना त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं, तशी फोनवालीनं फोन खिशात टाकला. बाळ आईच्या खांद्यावरून पद्मजाकडं बघत होतं.

“म्हणजे तुमच्या बायकोला माझा मुलगा सुंदर वाटला,” ती बाई म्हणाली.

“फार,” मी म्हटलं.

ती हसली. तिनं त्या टिकलीच्या आसपास बोट फिरवलं, पुसलं नाही. मग तिनं मला अगदी सहज विचारलं, कुतूहल म्हणून.

“आणि याचा खरंच उपयोग होतो?”

पद्मजानं माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी सकाळपासून तिनं माझ्याकडं असं सरळ बघितलं नव्हतं. तिच्या एका डोळ्याखालचं काजळ फिसकटलं होतं. ती वाट बघत होती. आज मला हे लख्ख दिसतं, पण तेव्हा मला फक्त तो फोन दिसत होता आणि ती तिघींची रांग. संकट टळत आलं होतं, आता एक गोड शब्द टाकला की सुटलो. घाबरलेल्या माणसाची जीभ जरा जास्तच चालते.

“हो, होतो तर,” मी म्हणालो. “शंभर टक्के. हे लावलेल्या मुलांना काही होत नाही.”

ती बाई खूश झाली. मग आज दिवसभर राहू दे, म्हणाली. तिनं पद्मजाचा हात हातात घेतला आणि बोलायचं म्हणून विचारलं, तुम्हीही तुमच्या मुलांना लावत असाल ना?

“एक मुलगी,” पद्मजा म्हणाली. “तिला नाही लावलं.”

त्या बाईला ते नीट कळलं नसावं. आमचे लोक आता आधुनिक झालेत असं काहीतरी तिला वाटलं असेल. ती हसून मान हलवत बाळाला घेऊन आत गेली. दोघी मैत्रिणीही गेल्या. काचेतून तिनं बाळाचा हात धरून आम्हाला हलवून दाखवला. मी हात हलवला. मला अजून माझ्या त्या हाताचा राग येतो.

पद्मजानं खुर्चीवरची घोंगडी घडी घालून ठेवली, पिशवी खांद्याला लावली आणि चालायला लागली. कालव्याच्या कडेनं, मनोऱ्याच्या उलट दिशेनं. मी मागं. किती वेळ मला ती थांबेल असं वाटत होतं. एका पुलावर ती थांबली, पण माझ्यासाठी नाही, सायकलींची रांग जात होती म्हणून. मी तिला गाठलं.

“पद्मजा, मी ते तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो.”

“माहीत आहे मला.”

“पोलीसबिलीस आले असते.”

“हो ना.”

सायकली गेल्या, तरी ती उभी राहिली. मला वाटलं ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. ती करंगळी रुमालानं पुसत होती, काळं केव्हाच निघालं होतं तरी पुसत होती.

“मी वेळ बघितली,” ती म्हणाली. “तुम्ही दोन सेकंद म्हणाला होतात. दोनसुद्धा लागत नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला राग आला होता म्हणून तसं बोललात. दीड वर्ष मी तेच धरून होते. मनातून हा मानत नाही, नुसता बोलून गेला. आज राग नव्हता ना?”

“अगं, मी मानत नाही. खरंच नाही मानत.”

“मग त्या बाईला सांगायचं होतं तसं. तिनं तुम्हाला साधं विचारलं होतं.”

आणि तेव्हा, भर रस्त्यात, मनोऱ्याच्या पायथ्याशीही न जाता, मी माझं जुळवून ठेवलेलं सगळं बोलून टाकलं. ते खोटं होतं. मला माहीत होतं ते खोटं आहे. काजळानं काही झालं नसतं. तुझी काहीसुद्धा चूक नव्हती, एवढीशीही नाही. चूक माझी, मी भित्रा, मी बारशाला गप्प बसलो, मी आठव्या दिवशी तोंड उघडलं ते नको तिथं. मला माफ कर. माणसं बघत जात होती, मला कशाचं भान नव्हतं. आयुष्यात मी इतकं खरं कधी बोललो नव्हतो.

पद्मजानं सगळं ऐकून घेतलं. तिचेही डोळे भरले होते, आणि मला वाटलं, झालं, पोचलं.

“किती छान बोललात,” ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरोखरच दमलेली होती. “पण आता मी कसं ओळखू? मघाशी तिच्याशीही तुम्ही असंच बोललात. असाच चेहरा होता. तिला बरं वाटावं म्हणून. हे मला बरं वाटावं म्हणून नाही, हे मला कोण सांगणार?”

तिनं रुमाल पिशवीत टाकला आणि पूल ओलांडला, मी मागोमाग.

पुढचे तीन दिवस आम्ही ते शहर बघितलं. संग्रहालय, राजवाडा, बाग, सगळं तक्त्याप्रमाणं. पद्मजा माझ्याशी नीट बोलायची, थंडी आहे, टोपी घाला म्हणायची, जेवताना मला वाढायची. भांडण झालं नाही. परत गेल्यावर डिसेंबरात ती रत्नागिरीला रुजू झाली. कागदावर आम्ही अजून नवरा-बायको आहोत. आई गेली तेव्हा ती आली होती, चार दिवस राहिली, सगळं तिनंच बघितलं. जाताना माझ्या औषधांच्या वेळा लिहून ठेवून गेली.

तुझी काही चूक नव्हती, हे वाक्य मी गेल्या अकरा वर्षांत एकट्यानं पुष्कळदा म्हणून बघितलंय. मोठ्यानं, घरात कुणी नसताना. हळू म्हणून बघितलं, रागानं म्हणून बघितलं, इंग्रजीतही म्हणून बघितलं. दर वेळी मला त्यात तोच माणूस ऐकू येतो, त्या बाईला हो होतो तर म्हणणारा.